एका रंगाची इंजिनं आणि मोतीरामचा डबा

मोतीराम साळवे ड्रायव्हर लोकांना नावानं ओळखत नसे, शिध्यानं ओळखायचा. पूर्ण्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी पोचवून आलेले ड्रायव्हर जिथं चार तास पाठ टेकतात त्या रेल्वेच्या विश्रामघरात, त्यानं उभी हयात स्वयंपाक केला. तिथली जुनी रीत अशी होती की ज्यानं त्यानं आपला शिधा पिशवीत घेऊन यायचा आणि स्वयंपाक्यानं ज्याचं त्याला वेगळं शिजवून द्यायचं. त्यामुळं मोतीरामच्या लेखी कुणी पाटील नव्हता की कुणी राव नव्हता. "मसूर आलाय का?" "सुकट झोपलीय, उठवू नका," अशी त्याची भाषा. सिकंदराबादकडचे आणि मनमाडकडचे असे दोन्ही रेल्वेंचे लोक त्याच्या हातचं जेवून गेले, आणि कुणी नाव ठेवलं नाही.

रिटायर झाल्यावर त्यानं चिकलठाण्यात, स्टेशनाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या. बायको आधीच गेली होती. मुलगा अभय परभणीला वीज कंपनीत लागलेला. त्या अभयनं बायको केली ती श्रेया, आणि श्रेया निघाली इंजिनावरची. असिस्टंट लोको पायलट, म्हणजे मोतीरामच्या जुन्या भाषेत छोटा ड्रायव्हर.

मोतीरामला आभाळ ठेंगणं झालं. जन्मभर ज्यांना वाढलं त्यांच्यातलीच एक आता त्याच्या घरची झाली होती. गल्लीत कुणी विचारो न विचारो, "आमची सून इंजिनावर असते," हे तो सांगणारच. श्रेयानंही सासऱ्याला जीव लावला. "बाबा, मनमाडकडं जाणारी सकाळची गाडी तुमच्या चिकलठाण्याला क्रॉसिंगला, समोरची गाडी जाऊ द्यायला, थांबते ना? एक दिवस मनमाडकडच्यांचं इंजिन असतं, एक दिवस आपलं. त्यांचं निळं, आपलं हिरवं. हिरवं दिसलं की समजायचं सून आली," असं तिनं त्याला शिकवून ठेवलं होतं. हिरवं इंजिन लागलं की हा कुंपणापाशी हात वर करून उभा, आणि वरून ती हात हलवायची.

पण माणूस मोठा विचित्र. बाहेर ज्या गोष्टीची फुशारकी मारतो, घरात तिचीच कुरकुर करतो.

बुद्धपौर्णिमेला घरात खिरीचं जेवण होतं. अभयच्या मामाकडची माणसं आली होती, गल्लीतली चार माणसं होती. स्वयंपाक अर्थात मोतीरामनंच केला होता. पंगत रंगात आली, तसं मोतीरामला बोलायचा चेव आला.

"आमच्या सूनबाईला वीस डबे ओढता येतात," तो म्हणाला, "भाकर तेवढी थापता येत नाय."

लोक हसले. श्रेयाही हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढ्या ड्रायव्हर लोकांना जेवू घातलं. त्यातल्या किती जणांना भाकरी येत होती?"

आता लोक जास्त मोठ्यानं हसले, आणि मोतीरामवर हसले. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "ते बाप्ये होते," तो ओरडला. "माझ्या घरात यायचं तर इंजिन स्टेशनात ठेवून यायचं, अन् बाई होऊन यायचं!"

श्रेयानं ताट बाजूला सरकवलं. खीर तशीच राहिली. अभय आणि ती तासाभरात निघून गेले. जाताना अभयनं दारातच सांगितलं, "बाबा, चार लोकांत बोललात. आता तिच्याशी तुम्ही स्वतः बोला. तोवर आम्ही या घरात येणार नाय, आन् तुम्ही बी आमच्याकडं यायचं नाय."

चूक झाली हे मोतीरामला भांडी घासतानाच कळलं होतं. जन्मभर स्वयंपाक करून पोट भरलेल्या माणसानं सुनेला भाकरीवरून बोलावं, याच्यासारखा करंटेपणा नाही, हेही कळलं होतं. पण "माझं चुकलं" हे दोन घासांएवढे शब्द काही तोंडातून निघेनात. फोन हातात घ्यायचा, नाव काढायचं, आणि परत ठेवून द्यायचा. बोलणं त्याचा प्रांतच नव्हता. रुसलेल्या ड्रायव्हरला त्यानं कधी समजावलं नव्हतं, डाळीला वरून लसणाची फोडणी दिली होती आणि काम झालं होतं.

तेच करायचं त्यानं ठरवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि तिला आवडणारी शेपूची भाजी असा डबा भरला. इंजिनाची खिडकी उंच, म्हणून एक आखूड काठी घेऊन तिला वेताचं कडं बांधलं. पूर्वी स्टेशनमास्तर लोक चालत्या इंजिनाला असल्याच कड्यातून पुढं जायच्या परवानगीचं टोकन द्यायचे. त्या कड्यात डब्याची पिशवी अडकवायची आणि खिडकीशी न्यायची. स्टेशनवरचा काटेवाला बद्रीनाथ त्याचा दोस्त. त्यानं एवढंच बजावलं, "काठी लई वर करू नको मोत्या, वर विजेची तार हाय. अन् पिशवीवर लिहून ठेव, रिकामा डबा संध्याकाळच्या परतीच्या गाडीतून बद्रीनाथकडं टाका म्हणून."

हिरवं इंजिन आलं. मोतीराम खाली मान घालून गेला, काठी वर केली. पिशवी उचलली गेल्याचं हाताला कळलं. वरून काहीतरी आवाजही आला, पण इंजिनाच्या घरघरीत त्यानं ऐकलं न ऐकलं केलं आणि तसाच वळला. त्याला वर बघायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी बद्रीनाथनं डबा आणून दिला. स्वच्छ घासलेला, कोरडा, रिकामा.

आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर साखरेचे चार दाणे, मिठाची चिमूट, काहीतरी टाकतातच. श्रेयाला ही रीत पक्की ठाऊक होती. मोतीराम त्या रात्री नीट जेवला नाही.

तरी हार मानली नाही. परत हिरवं इंजिन यायची वाट बघू लागला, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. कारण हिरवं इंजिन आलंच नाही. निळंही आलं नाही. आलं ते वेगळंच, खाली गडद वांगी रंग आणि वर हळदीचा पट्टा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"हे कुणाचं रे?" त्यानं बद्रीनाथला विचारलं.

"दोघांचं," बद्रीनाथ म्हणाला. "दोन्ही रेल्वेंनी ही गाडी मिळून चालवायचं ठरवलंय. निम्मे डबे त्यांचे, निम्मे आपले. ज्याचं इंजिन मोकळं असंल त्याचं लावायचं. आन् पब्लिकला गाडी एकच वाटावी म्हणून दोघांच्या इंजिनांना रंग बी एकच."

"मग आपलं कोणतं अन् त्यांचं कोणतं, हे कळावं कसं?"

"कळू नये म्हणूनच तर रंग दिलाय की."

"अन् ड्रायव्हर?"

"कधी आपला त्यांच्या इंजिनावर, कधी त्यांचा आपल्या. मलाच कळंना झालंय, तुला काय सांगू? झेंडी दाखवायची अन् गप बसायचं."

शहराचं नाव बदललं तेव्हाही मोतीराम इतका गोंधळला नव्हता. नाव बदललं तरी गाव जागच्या जागी होतं. इथं सून कोणत्या इंजिनात बसली आहे, याचाच पत्ता लागेना. इंजिनावर बारीक अक्षरात काही लिहिलेलं असायचं, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला, आणि मान तर खालीच. शेवटी त्यानं सोपा मार्ग काढला. रोज डबा द्यायचा. कधीतरी ती असेलच.

नव्या रंगाच्या इंजिनाला दिलेल्या पहिल्याच डब्याचं उत्तर आलं. संध्याकाळी पिशवी जड लागली. झाकण उघडलं तर आत आंब्याचं लोणचं, लालभडक, मोहरीचा नाकात जाणारा वास. मोतीरामनं बोट बुडवून चाटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. निम्मं तिखटाचं होतं, निम्मं खरं. सूनबाईनं भांडं भरून पाठवलं होतं!

शेजारच्या आशाबाईला त्यानं लोणचं चाखायला दिलं. आशाबाई भाजी विकायची आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचा अर्थ तिला ठाऊक असायचा. तिनं डोळे मिटून फोड चोखली.

"आंबट पाठवलंय व्हय?" ती म्हणाली. "मोतीरामभाऊ, तुमची सून पोटुशी हाय."

"लोणच्यावरून?"

"मग आणिक कशावरून कळतंय?"

मोतीरामनं तिला उडवून लावलं. पण त्याला दुसरंच कोडं पडलं होतं. ज्या पोरीला भाकरी येत नाही, तिला इतकं जबरदस्त लोणचं घालता येतं?

पुढच्या डब्यात सुके बोंबील आले. श्रेया माशाच्या वासानं उठून जायची, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग चिवडा आला. मग एकदा झाकण उघडलं, तर आत पांढऱ्या पातळ कागदाच्या घड्या. मोतीरामचं काळीज लकलकलं. चिठ्ठी! एवढ्या दिवसांनी पोरीनं दोन ओळी लिहिल्या! त्यानं खिडकीपाशी जाऊन हलक्या हातानं घडी उलगडायला घेतली, तर कागद कडकन मोडला आणि आतून पिठीसाखर सांडली. तुकडा जिभेवर ठेवला तर विरघळला. तिकडं आंध्रात तांदळाची अशी कागदी मिठाई करतात हे त्या बापड्याला काय ठाऊक! तो बराच वेळ त्या चुऱ्याकडं बघत बसला. ही पोरगी आपल्याला काय सांगतेय, हेच त्याला कळेना.

त्यानं अभयला फोन लावला. "लोणचं लई झ्याक झालं होतं म्हणावं."

"कसलं लोणचं?" अभय म्हणाला.

"अन् ते बोंबील..."

"बाबा, तुमची तब्येत बरी हाय ना?" एवढं विचारून अभयनं फोन ठेवला.

मोतीरामनं याचाही अर्थ लावला. पोरगी नवऱ्यापासून लपवून पाठवते. सासऱ्याला माफ केलंय, पण नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून गुपचूप. अशी गुणाची सून! आता बोलायचं काय राहिलं? डबा जातोय, डबा भरून येतोय, मिटलं की सगळं. फोनवरचं तिचं नाव काढून बघायचंही त्यानं सोडून दिलं. मनातली टोचणी गेली, जेवण गोड लागू लागलं. फक्त एक कळत नव्हतं, मिटलंय तर दोघं घरी का येत नाहीत?

असे बरेच महिने गेले. मग एका सकाळी समोरची गाडी पुढच्या स्टेशनातच अडकली आणि आपली गाडी चिकलठाण्याला खोळंबून राहिली. मोतीरामनं नेहमीसारखी खाली मान घालून काठी वर केली, तर वरून कुणी पिशवी घेतलीच नाही. त्याऐवजी इंजिनाचं दार उघडलं आणि शिडीवरून एक धिप्पाड माणूस खाली उतरला. त्यानं मोतीरामच्या पायांनाच हात लावला.

"बाबा, मी राजकुमार. भुसावळचा. आज थांबलोय म्हणून म्हटलं दर्शन घ्यावं. तुमची शेपूची भाजी म्हणजे, काय सांगू! बोंबील आवडले का? मीच पाठवले होते."

"तुम्ही?" मोतीराम म्हणाला.

"मी नाही, माझ्या बायकोनं. चिवडा आमच्या नाशिकच्या असिस्टंटनं दिला. आणि लोणचं आणि ती कागदाची मिठाई वेंकटेश्वरलूंची, सिकंदराबादकडचे. दोन्ही रेल्वेंच्या लोकांत तुमचं नाव आहे, बाबा. चिकलठाण्याचे बाबा म्हणतात. सगळे म्हणतात जुने रनिंग रूमवाले आहेत, सवय सुटत नाही, ड्रायव्हर लोकांची सेवा करतात. नवस वगैरे आहे का काही?"

मोतीराम काठी धरून उभा होता. इंजिन समोर होतं, वांगी आणि हळदी. त्यात कोण बसलं आहे, कुणाचं आहे, कशासाठी थांबलं आहे, त्याला काही म्हणता काही समजेना.

"माझी सून," तो कसाबसा म्हणाला. "डबा सुनेसाठी देतो मी. तुमच्यात हाय ती. श्रेया."

"श्रेया मॅडम? पूर्ण्याच्या?" राजकुमारचा चेहरा पडला. "अहो, त्या इंजिनावर कुठंयत आता? त्यांना दिवस गेलेत ना, सातवा लागला असेल. हा नवा रंग आला त्याच सुमारास पूर्ण्याच्या लॉबीत, ड्युटी लावायच्या ऑफिसात, बसवलं त्यांना. आम्ही सही करायला जातो ती त्यांच्याच टेबलावर." मग तो थोडा घुटमळला. "आणि आम्ही त्यांच्यासमोरच तुमच्या आमटीचं कौतुक करतो, बाबा. त्या कधी काही बोलल्या नाहीत."

तेवढ्यात सिग्नल पडला. राजकुमारला चढावं लागलं. डबा कड्यातच राहिला आणि गाडी गेली.

मोतीराम फलाटाच्या कडेला खाली बसला. बद्रीनाथ पाण्याचा तांब्या घेऊन आला, तर हा आपल्याशीच बोलत होता. लोणचं तिचं नव्हतं, बोंबील तिचे नव्हते. ती पोटुशी आहे हे खरं, पण ते लोणच्यावरून नाही. मग आशाबाईला कळलं कसं? आणि आपण कुणाशी समेट केला इतके महिने? कुठल्या वेंकटेश्वरलूशी? हळूहळू गाळ खाली बसला आणि एकच गोष्ट वर उरली. तिच्याकडून उत्तर म्हणून आला होता तो एकच डबा, पहिला, रिकामा. बाकी सगळ्या जगानं त्याला माफ केलं होतं, जिची माफी मागायची तिची त्यानं मागितलीच नव्हती. वर ती बिचारी सात महिन्यांचं पोट घेऊन रोज दोन्ही रेल्वेंच्या तोंडून सासऱ्याच्या स्वयंपाकाची तारीफ ऐकत बसली होती. सासरा परक्यांना जेवू घालतोय आणि आपल्याला साधा फोन करत नाही, असंच तिला वाटलं असणार. मोतीरामला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पूर्ण्याची गाडी धरली. पहाटे सवयीनं पीठ परातीत घेतलं होतं. डिंकाचे लाडू तरी न्यावेत, पोटुशी बाई आहे, असंही मनात आलं. मग त्यानं पीठ परत डब्यात ओतलं. हातात काही असलं की आपण तेच पुढं करणार आणि तोंड बंद ठेवणार, हे आता त्याला स्वतःबद्दल कळून चुकलं होतं. मोतीराम आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडं मोकळ्या हातानं निघाला.

लॉबीत सकाळची गर्दी होती. ड्युटीवर जाणारे, ड्युटीवरून आलेले, बॅगा, पाण्याच्या बाटल्या. टेबलामागं श्रेया बसली होती. चेहरा भरलेला, पाय एका पेटीवर टेकवलेले. मोतीराम दारात दिसताच दोघा-तिघांनी ओळखलं. "अरे, चिकलठाण्याचे बाबा! बाबा, आज डबा इथंच?"

श्रेयानं वर पाहिलं आणि पुन्हा समोरच्या स्क्रीनकडं पाहू लागली.

माणसं पांगेपर्यंत थांबावं, बाहेर बोलवून सांगावं, असं मोतीरामच्या मनात येऊन गेलं. पण त्या दिवशी पंगतीत बोलताना त्यानं माणसं पांगायची वाट पाहिली नव्हती.

"डबा नाय आणला," तो मोठ्यानं म्हणाला. "सुनेशी बोलायला आलोय." मग तो टेबलापाशी गेला. "श्रेया, माझं चुकलं. चार लोकांत तुला नाय नाय ते बोललो. मी सोता जन्मभर भाकरी थापल्या अन् तुला भाकरीवरून हिणवलं. लई वंगाळ बोललो, पोरी."

श्रेयाचा चेहरा होता तसाच राहिला.

"डबा दिला होता ना तुम्ही," ती म्हणाली. "हिरव्या इंजिनाला."

"व्हय."

"मी खिडकीत होते, बाबा. 'बाबा, वर बघा ना' म्हणाले. दोनदा म्हणाले. मला वाटलं, बोलायला आलात. तुम्ही वर बघितलं नाही. भिकाऱ्याला घातल्यासारखा डबा दिलात आणि निघून गेलात. मग मीही तो रिकामाच धाडला."

मोतीरामला सांगता आलं असतं की इंजिनाची घरघर होती, कान जड झालेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सगळं खरंच होतं.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "दोन्ही हाका ऐकल्या होत्या. वर बघायची लाज वाटली."

रडू तिला येईल असं त्याला येताना गाडीत वाटलं होतं, पण आलं त्यालाच, आणि दोन्ही रेल्वेंच्या ड्रायव्हर लोकांसमोर आलं. मग पेटीवरचे पाय खाली घेऊन श्रेयानं शेजारची खुर्ची ओढली आणि टेबलाजवळ आणली.

"बसा," ती म्हणाली. "माझी ड्युटी संपायला वेळ आहे. बोला, काय बोलायचंय ते. मी ऐकते."

मोतीराम बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते मांडीवर ठेवले, आणि पहिल्यापासून बोलायला लागला.